चिंचपोकळीत बांधलेली इटलीची गल्ली

काय करता, असं कोणी विचारलं की मी घरं बांधतो म्हणून सांगायचो. कुठे, असा पुढचा प्रश्न यायचाच. टेबलावर, असं उत्तर दिलं की समोरचा माणूस एक तर हसायचा, नाही तर जरा लांब सरकून बसायचा. लग्न ठरताना माझ्या सासऱ्यांना मी आर्किटेक्टच्या ऑफिसात असतो असं सांगण्यात आलं होतं. ते अगदीच खोटं नव्हतं. त्या ऑफिसात माझं रोजचं जाणं होतं, फक्त मागच्या दाराने.

इमारत उभी राहण्याआधी ती कशी दिसेल हे लोकांना दाखवण्यासाठी तिची छोटी प्रतिकृती करतात. तिला आम्ही मॉडेल म्हणायचो. पुठ्ठा, प्लॅस्टर, बांबूच्या कामट्या, काड्यापेटीच्या काड्या, सरस आणि रंग, एवढ्यावर सगळा संसार. माझी शेड चिंचपोकळी स्टेशनच्या मागे होती. फास्ट गाडी गेली की ओल्या प्लॅस्टरवर सुरकुत्या पडायच्या, म्हणून मी गाड्यांच्या वेळा पाठ करून प्लॅस्टर ओतायचो. गणपतीच्या आधी दोन महिने हे सगळं बाजूला सारून लालबाग-परळच्या मंडळांचे देखावे करायचे. एका मंडळाला रोज संध्याकाळी जळणारी आणि सकाळी पुन्हा धड असणारी लंका हवी होती. ती मी करून दिली. एका बिल्डरने मॉडेलमधली शेजारची चाळ काढून टाकायला सांगितलं, गिऱ्हाइकाला दिसायला नको म्हणून. तीही काढली. पुढे त्याने खरीसुद्धा काढली, तेव्हा मात्र मला बरं वाटलं नाही.

आता डोळे दमलेत आणि बोटांत कंप आलाय. सुई ओवायची झाली तरी नातीला हाक मारावी लागते. दिवाळी अंकासाठी आठवणी लिहा म्हणून आग्रह झाला, तेव्हा मनात इमारती आल्याच नाहीत. उभ्या आयुष्यात मी पाचशे मॉडेलं केली असतील, पण मनात राहून गेलं ते एकच काम. ते इमारतीचं नव्हतं, पडक्या गल्लीचं होतं.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी हवा होती. गिरगावात रोज सभा, लालबागला रोज मोर्चा, आणि कुठून तरी कर्फ्यू लागल्याची बातमी. अशा दिवसांत एका सकाळी भाऊसाहेब माझ्या शेडमध्ये आले. धोतर, काळा कोट, डोक्याला पगडी, हातात काठी. गिरगावातल्या जुन्या पाठारे प्रभू घराण्यातले, हायकोर्टाच्या कचेरीतून रिटायर झालेले, पत्नी वारलेली. त्यांनी बरोबर एक ट्रंक आणली होती. ती उघडली तर आत शिशाचे सैनिक, छोट्या लष्करी लॉऱ्या, दोन रणगाडे आणि एक तोफ, सगळं सुती फडक्यांत गुंडाळलेलं.

"आमच्या मोरेश्वराचे खेळ," ते म्हणाले. "फोर्टातल्या दुकानातून दर वाढदिवसाला एकेक घेतलेलं. हे ज्या रस्त्यात उभं राहील असा रस्ता मला करून हवाय. इटलीतला."

मोरेश्वर त्यांचा एकुलता मुलगा. युद्धात कमिशन घेऊन गेला आणि इटलीच्या डोंगरातल्या एका गावात, रस्त्यात गोळी लागून गेला. त्याचा ऑर्डर्ली तुकाराम तेव्हा तिथे हजर होता. युद्ध संपल्यावर तुकाराम लालबागच्या एका गिरणीत दरवान म्हणून लागला आणि भाऊसाहेबांचा पत्ता काढून त्यांना भेटून गेला होता. साहेब रस्त्याच्या मध्यात पडले, रस्ता फार रुंद होता, समोरून मशीनगन चालू होती, तिथवर कोणालाच जाता आलं नसतं, आणि साहेब लागल्याबरोबर गेले, असं त्याने सांगितलं होतं.

"दहा वर्षं मी हे ऐकतोय," भाऊसाहेब म्हणाले. "तुकाराम खोटं सांगणारा माणूस नाही. पण मला ते दिसत नाही हो. माझा मुलगा कुठे होता आणि दुसरी माणसं कुठे होती, एवढंच मला डोळ्यांनी बघायचंय. त्याच्यापर्यंत कोणी पोचू शकलं असतं की नाही, हे एकदा दिसलं की मी हा विचार सोडून देईन. डॉक्टर म्हणतात मोतीबिंदू पिकायला लागलाय. तेव्हा जरा लवकर करा."

हे काम मी घ्यायला नको होतं असं आजही वाटतं. पण शिशाच्या त्या सैनिकांच्या पाठीवर कोण्या लहान हाताने लाल रंगाने नंबर घातले होते. ते बघितल्यावर नाही म्हणवेना.

या धंद्याचा एकच धर्म, तो म्हणजे प्रमाण. खऱ्या एका फुटाला मॉडेलमध्ये पाव इंच, असं एकदा ठरलं की दार, खिडकी, पायरी, माणूस, सगळं त्यातच बसलं पाहिजे. दिवाळीत आपण अंगणात किल्ला करतो त्यात महाराज बुरुजाहून मोठे आणि वाघ गुहेहून मोठा असतो, ते चालतं, कारण तिथे मान मोठा असतो. माझ्याकडे मानाला जागा नव्हती. मी सैनिकांची उंची मोजली, पाव इंचाचं प्रमाण बरोबर बसलं, आणि कामाला लागलो.

पडकं घर करणं हे धड घर करण्यापेक्षा कठीण. लोकांना वाटतं चार तुकडे टाकले की झालं. तसं केलं की ते पडकं दिसत नाही, अर्धवट दिसतं. त्यासाठी आधी घर पूर्ण बांधावं लागतं, आतल्या खोल्या, जिना, भिंतीवरचा रंग, सगळं. मग जिथे गोळा लागला असेल तिथे हातोडी मारायची. मातीसाठी मंगलोरी कौलं कुटून चाळून घेतली, धुळीसाठी पांढरी रांगोळी आणि काव. जळलेल्या वाशांसाठी उदबत्तीच्या काड्या. नमुन्याला भाऊसाहेबांनी युद्धाच्या वेळच्या इंग्रजी साप्ताहिकातलं इटलीतल्या गल्लीचं एक चित्र दिलं होतं. बाकीचं तुकारामने सांगायचं होतं.

तुकाराम सुट्टीच्या दिवशी यायचा. साताऱ्याकडचा, उंच, मिशा पिकलेल्या, गिरणीची खाकी टोपी काढून मांडीवर ठेवायचा आणि ती चोळत बसायचा. पहिल्या दिवशी तो एकटाच आला होता. मी फुटलेल्या भिंतीतून दिसणारं एक स्वयंपाकघर दाखवलं. मोठ्या हौसेने केलं होतं. जमिनीवर चूल, कोपऱ्यात मोरी, भिंतीत देवाचा कोनाडा. तो बघतच राहिला, मग गालातल्या गालात हसला.

"मास्तर, ह्ये तर आमच्या चाळीतलं घर झालं. तिथं बाया उभ्यानं रांधत्यात. आनि मोरी कसली? थंडीनं पानी गोठतंय तिथं."

मला इतकी लाज वाटली की मी त्याला चहा पाजला. चहा पिता पिता मी रस्त्याची रुंदी विचारली.

"आपल्या लालबागच्या गल्लीवानी," तो सहज बोलून गेला. "हातगाडी आली की मानसानं भिंतीला पाठ लावायची."

मी तशी गल्ली आखली. चित्राशीही ते जुळत होतं. पुढच्या खेपेला भाऊसाहेब त्याच्याबरोबर आले. आखलेली गल्ली त्यांनी काठीच्या टोकाने मोजल्यासारखी केली आणि म्हणाले, "तुकाराम, तू तर रस्ता रुंद म्हणाला होतास."

"व्हय जी, रुंदच हाय," तुकाराम म्हणाला. "मास्तरांनी लई बारीक केला. गिरगावच्या रस्त्याएवढा घ्या."

मी त्याच्याकडे बघितलं. तो टोपीकडे बघत होता. मी एका बाजूची घरं उचलली आणि मागे सरकवली. त्याच्या पुढच्या भेटीत ती आणखी मागे गेली. सरसाने बसवलेलं काढायचं म्हणजे निम्मं मोडतंच. दोन कौलारू घरं मला पुन्हा बांधावी लागली, आणि मी आधीच दमलेला होतो. घरी बायको म्हणायची, "मेलं ते इटली एकदाचं पाडा नाहीतर बांधा, पण घरात हसत या." शेवटी मी चिडून भायखळ्याच्या चर्चमधल्या एका म्हाताऱ्या इटालियन पाद्र्याला जाऊन गाठलं. त्यांना मराठी थोडं यायचं. डोंगरातल्या गावांत रस्ते केवढे असतात, एवढंच मी विचारलं. ते खूश झाले आणि आपल्या आईच्या स्वयंपाकघराबद्दल बोलत सुटले. त्यात एक वाक्य माझ्या कामाचं होतं. त्यांची आई आपल्या खिडकीतून समोरच्या खिडकीतल्या बाईला चिमट्याने विस्तव द्यायची.

परत येताना मला सगळं कळून चुकलं होतं. तुकाराम पुढच्या वेळी एकटा आला तेव्हा मी हातातलं काम ठेवलं आणि सरळ विचारलं, "गल्ली केवढी होती?"

त्याने मांडीवरची टोपी घडी करून खिशात घातली. मग म्हणाला, "तुमी रुंदच बांदा, मास्तर. म्हाताऱ्याला झोप लागू दे."

त्याला स्वतःला झोप लागत होती का, हे मी विचारलं नाही. चेहऱ्यावरून दिसतच होतं. मी रुंद रस्ता बांधायचं ठरवलं. दोन माणसांना त्याने बरं वाटणार असेल तर टेबलावरच्या चार इंचांनी कोणाचं काय बिघडणार, असं मी स्वतःला सांगितलं. पण रोज शेडमध्ये शिरलो की ते मॉडेल मला खोटं दिसायचं. एवढी लहान, एकमेकांना टेकलेली घरं आणि त्यांच्यामधून जाणारा तो मैदानासारखा रस्ता. माझा एखादा हात दुसऱ्याच कोणाचा असावा तसं मला त्या दिवसांत वाटायचं.

मग गोळीबार झाला. गिरगावात, मग इकडे आमच्या भागात. कर्फ्यू लागला, शेडला कुलूप राहिलं. बाहेर पडता आलं तेव्हा मी लालबागपर्यंत चालत गेलो. ट्रामच्या रुळांवर विटा, फुटलेल्या बाटल्या, एका पायातली चप्पल. कोण कोण गेलं त्याची नावं लोक हळू आवाजात सांगत होते. आणि मी बघत काय होतो, तर विटा कशा पडल्या आहेत. मी मॉडेलमध्ये सगळीकडे सारखा खच टाकला होता. खऱ्या रस्त्यात तो तसा नव्हता, माणसं जिथून पळाली तिथे मोकळी वाट राहिली होती. माणसं मेली होती आणि माझा मेला धंदा मला सोडत नव्हता. घरी येऊन मी जेवलो नाही. पण शेड उघडल्यावर पहिलं काम केलं ते खच बदलण्याचं.

राहिला होता तो मोरेश्वर. पडलेला सैनिक भाऊसाहेबांच्या ट्रंकेत नव्हता, मुलांच्या खेळात सगळे उभे किंवा गुडघ्यावर असतात. एखादा वाकवू का असं विचारल्यावर त्यांनी ट्रंकेचं झाकणच लावलं. म्हणून तो मी शाडूचा केला, कुशीवर वळलेला, एक हात पुढे. तुकाराम तेव्हा एका घराच्या दारात आडोशाला होता, म्हणून त्याच्यासाठी दारात बसलेला दुसरा केला. डोकी तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, त्यांवर तोंडं रंगवता येत नाहीत, आणि तेच बरं.

मॉडेल भाऊसाहेबांच्या घरी न्यायचं होतं. त्यांच्या घराचा जिना लाकडी, अरुंद, मधे वळण घेणारा. म्हणून मी त्याच्या तीन फळ्या केल्या होत्या. दोन बाजूंच्या घरांच्या दोन, प्रत्येकीला पुढे थोडीशी फरसबंदी, आणि मधे रस्त्याची एक. वर नेऊन जुळवलं की सांध्यावर धूळ पसरायची, म्हणजे काही दिसत नाही. हातगाडीवरून ते गिरगावात नेलं. तुकारामला त्यांनी मुद्दाम बोलावलं होतं. दिवाणखान्यात, गॅलरीच्या उजेडात, मोठ्या मेजावर मी सगळं मांडलं. भाऊसाहेबांनी आपल्या हाताने लॉऱ्या आणि सैनिक काढून जागोजाग ठेवले. फडकी घडी करून परत ट्रंकेत घातली.

मग ते खाली वाकले. चष्मा काढला, परत घातला. मोतीबिंदूमुळे त्यांना फार जवळ जावं लागत होतं, नाक जवळजवळ कौलांना लागत होतं. दारातल्या शाडूच्या माणसावर त्यांनी बोट ठेवलं आणि तिथून हळूहळू रस्त्याच्या मध्यापर्यंत नेलं. एकदा गेलं, परत आणलं, पुन्हा नेलं.

"फार लांब," ते म्हणाले. "खरंच, फार लांब. एवढ्या उघड्यावरून कोण जाणार." त्यांनी मान वर केली. त्यांचे डोळे भरून आले होते आणि चेहरा इतका मोकळा झाला होता की मला वाटलं, बरं झालं, खोटं का होईना, माझ्या हातून एकदा तरी कोणाचं चांगलं झालं. "तुकाराम, दहा वर्षं मी तुला उगाच त्रास दिला. मनात कुठे तरी शंका होती. क्षमा कर मला."

असं म्हणून त्या म्हाताऱ्याने तुकारामपुढे हात जोडले.

तुकारामचा चेहरा असा झाला की मी पटकन पुढे झालो. मला वाटलं तो पडणार. पण तो मेजापाशी गेला. काही न विचारता त्याने रस्त्याच्या मधला शाडूचा सैनिक उचलून तळहातावर घेतला. दुसऱ्या हाताने रस्त्याची फळीच ओढून काढली. लॉऱ्या आडव्या झाल्या, रांगोळी धोतरावर, जमिनीवर सांडली. मग एका बाजूच्या घरांना हात लावून त्याने ती सबंध फळी पुढे ढकलली, समोरच्या घरांना जवळजवळ चिकटेपर्यंत. मधे उरली ती फक्त दोन्हीकडची फरसबंदी. तिच्यावर त्याने सैनिक आडवा ठेवला. दारातल्या माणसापासून तो एका बोटाच्या पेरावर आला.

"एवढाच व्हता, साहेब," तो म्हणाला.

खिडक्यांना खिडक्या भिडल्या होत्या. कुठल्याही बाईने कुठल्याही बाईला विस्तव द्यावा इतक्या. मॉडेल एकदम खरं दिसायला लागलं, आणि ते बघून मला बरं वाटलं, हे लिहायला नको पण लिहितो.

भाऊसाहेब खुर्चीत बसले. तिथूनच म्हणाले, "मग तो काही बोलला असेल, तर तुला ऐकू आलं असेल."

"आलं."

"लागल्याबरोबर गेला नाही तर."

"न्हाई जी. लई वेळ व्हते. पानी मागितलं. मग माझं नाव घ्यायला लागले. तुकाराम, तुकाराम, आसं. मशीनगन चालूच व्हती. मी म्हनत व्हतो, आता थांबंल, मग जातो. थांबली तवा गेलो. तवा आवाज बंद झाला व्हता." त्याने दोन्ही हात मेजाच्या कडेला धरले होते. "भ्या वाटलं, साहेब. दुसरं काय बी न्हवतं. पाय उचललाच न्हाई."

मला तिथून निघून जावंसं वाटत होतं. असल्या वेळी तिऱ्हाइताने काय करायचं असतं हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. मी खाली वाकून उगाच रांगोळी गोळा करू लागलो. भाऊसाहेब आता ओरडतील, याला घालवून देतील, निदान रडतील, असं मी धरून चाललो होतो. त्यांनी त्यातलं काही केलं नाही. ते मेजाकडे बघतच नव्हते, गॅलरीकडे बघत होते.

"गोळीबार झाला त्या दिवशी," ते हळू आवाजात म्हणाले, "खाली आमच्या दारासमोर एक मुलगा पडला होता. मोरेश्वर गेला तेव्हा होता तेवढ्याच वयाचा. कोणाचा कोण ठाऊक नाही. मी इथे गॅलरीत उभा होतो. पोलीस पुढे निघून गेले होते. रस्त्यात कोणी नव्हतं. तो वर बघत होता, माझ्याकडेच. मी आत आलो आणि गॅलरीचं दार लावून घेतलं. या खुर्चीत बसलो. बराच वेळ ऐकू येत होतं."

तुकारामने मेजाची कड सोडली.

"तुझ्यापुढे मशीनगन होती, तुकाराम. माझ्यापुढे जिना होता." त्यांनी काठी घेतली, उठले, मेजापाशी आले, आणि त्या अरुंद गल्लीत वाकडा झालेला एक शिशाचा सैनिक सरळ उभा केला. "तू दहा वर्षं मला रस्ता रुंद म्हणून सांगितलंस. उद्या त्या मुलाचा बाप माझ्याकडे विचारायला आला, तर मी त्याला काय सांगू? आमचा रस्ता त्याला दिसेलच की."